उतारावरचा आवाज

मासेमारीचा हंगाम संपायला चार दिवस होते, पण माझे गुडघे त्याच्या आधीच संपले होते. सव्वीस वर्षं मी एकच काम केलं. शहरातून हौशी लोक येतात, हातात लांब लवचिक काठी, दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी, अंगात छातीपर्यंत चढणारी रबरी विजार. त्यांना पाण्यात न्यायचं आणि परत आणायचं. मासा लागला नाही तरी कुणाचं बिघडत नाही. पाण्यात उभं राहता आलं नाही तर बिघडतं. नदीवर लहानथोर सगळे मला मामा म्हणतात.

त्या दुपारी मी शेडमध्ये ओल्या विजारी उलट्या टांगत होतो. रबराचा आणि शेवाळाचा तो कुबट वास आता माझ्या अंगालाही येतो, बायको म्हणते. दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, खांद्याला कापडात गुंडाळलेली गळाची काठी. मूठ तेवढी बाहेर डोकावत होती. मुठीला निळा दोरा होता. मी ओळखली.

"डॉक्टरांची काठी," मी म्हणालो.

"हो. मी त्याची मोठी बहीण."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी मोठ्या उतारावर, जिथे नदी पसरते आणि चालत ओलांडता येते तिथे, माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेले. पाणी कमरेएवढंच होतं. पडलं तरी विजारीत पाणी भरू नये म्हणून आम्ही कमरेला पट्टा करकचून आवळतो. विजार भरली की पाय शिसाचे होतात, माणूस उठू शकत नाही. डॉक्टरांनी तो पट्टा भर प्रवाहात सोडला. स्वतःच्या हाताने. चौकशीत मी हेच सांगितलं आणि खाली सही केली.

बाई चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. एकट्या राहत होत्या. स्टुलावर टेकल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "घरातून निघताना गॅस बंद आहे का हे माझा भाऊ तीनदा बघायचा. तो पट्टा सोडेल हे मला पटत नाही, मामा. तुम्ही बांधायला विसरलात का? खरं सांगा. मी कुठे जाणार नाही सांगायला."

"मी बांधला होता, ताई."

"मग मला तिथे उभं करा. तो उभा होता तिथे. त्याच्या काठीने दोनदा दोरी टाकते आणि परत येते."

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर त्या एकट्या गेल्या असत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शिवाय दोन वर्षं कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. मनातल्या मनात उत्तरं देऊन मी दमलो होतो.

काठावर मी त्यांना अर्धा तास शिकवलं. पाऊल उचलायचं नाही, तळाशी सरकवायचं. दोन पाय आणि हातातली जाड काठी, या तिन्हींपैकी एका वेळी एकच हलवायचं. प्रवाहाला छाती द्यायची नाही, बाजू द्यायची. खाली वाहत्या पाण्याकडे बघायचं नाही, भोवळ येते. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला येऊ लागला, की तोंडातून शब्द न काढता परत फिरायचं. पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला. शेवटी त्यांचा पट्टा आवळला आणि बक्कल त्यांनाच ओढून बघायला लावलं.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

आभाळ भरून आलेलं होतं, वारा नव्हता. नदीचा एकसारखा घोगरा आवाज तेवढा. गुडघ्याच्या वर पाणी आलं की तीन हातांवरच्या माणसाचंही बोलणं कळत नाही, म्हणून मी त्यांचं कोपर धरलं होतं. मी वरच्या अंगाला, त्या माझ्या आडोशाला. बाई हुशार होत्या. पाय नीट सरकवत होत्या. नदीच्या मधोमध गोट्यांचा उंचवटा आहे, तिथे पोचलो. पाणी मांडीपर्यंत. दोरी फिरवायला जागा हवी म्हणून मी कोपर सोडलं आणि सात-आठ पावलं खालच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. घसरल्याच तर माझ्याकडेच येतील.

त्यांनी दोरी टाकली. पहिल्यांदा वेडीवाकडी पडली. दुसऱ्यांदा छान लांब गेली, माशी पाण्यावर अलगद टेकली. मला बरं वाटलं. चला, झालं, आता परत.

तेवढ्यात बाईंनी मान हलवली. कुणाचं तरी ऐकून "हो, हो" म्हणावं तशी. गळाची काठी काखेत घेतली आणि दोन्ही हात कमरेशी नेले.

डॉक्टरांनीही अशीच मान हलवली होती. ते मी चौकशीत सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

मी ओरडलो. घशाची शीर ताणून ओरडलो. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाऊल उचलायचं नाही हा माझाच नियम मोडून मी पाण्यातून धडपडत गेलो आणि त्यांची मनगटं धरली. बक्कल अर्धं निघालं होतं.

"काय करताय?"

बाई गोंधळल्या. "तुम्हीच म्हणालात ना... पट्टा सैल करा, श्वास मोकळा होईल."

"मी काही बोललो नाही."

"आत्ता. माझ्या कानाशी."

मी उत्तर देणार होतो. तेवढ्यात मलाही ऐकू आलं.

वरच्या अंगाने, जिथे उघड्या पाण्याशिवाय काही नव्हतं, तिथून. स्वच्छ, संथ, नदीच्या आवाजाच्या वर तरंगत आल्यासारखं. "घाबरू नका, ताई... मी आहे. पट्टा सोडा... आणि दोन पावलं पुढे या."

आवाज माझा होता. नवख्या माणसांना धीर द्यायला सव्वीस वर्षं जो सूर मी लावत आलो, तोच. शब्दाच्या शेवटी थोडा खाली उतरणारा.

बाईंनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

मी पट्टा पुन्हा आवळला, तोंड त्यांच्या कानाला लावलं. "काहीही ऐकलंत तरी माझ्या हातावर चला. एकदा दाबलं की पाऊल. दोनदा दाबलं की थांबा." त्या नुसत्या डोळ्यांनी हो म्हणाल्या.

परतीचं अंतर साठ पावलांचं असेल. तो आवाज आमच्याबरोबर आला. आणि गंमत अशी, की सगळं बरोबर सांगत होता. "उजवा पाय... सरकवा... टेकवा. आता काठी." मी हात दाबायच्या क्षणभर आधी. मोठा गोटा कुठे, खळगा कुठे, सगळं त्याला ठाऊक. चाळीसेक पावलांनंतर माझ्या लक्षात आलं, बाई माझ्या हाताची वाट बघेनाशा झाल्या होत्या. पाऊल आवाजावर पडत होतं. माझं दाबणं मागाहून. आणि खरं सांगतो, माझंही पाऊल त्याच्यावरच पडू लागलं होतं. इतका दमलो होतो, की कुणीतरी सांगावं आणि आपण नुसतं चालावं, याचं बरं वाटत होतं.

"आता डावीकडे," आवाज म्हणाला.

डावीकडे डोह आहे. मी दोनदा दाबलं. बाई थांबल्या, पण अर्ध्यावर. डावा पाय आधीच गेला होता. खालची वाळू सरकली आणि त्या छातीपर्यंत आत गेल्या. त्यांचा सगळा भार माझ्या हातावर आला, खांदा निखळतोय असं झालं. पट्ट्याने पाणी अडवलं म्हणून त्या हलक्या राहिल्या. नाहीतर मला ओढता आल्या नसत्या. काठी माझ्या काखेत रुतली, मी मागे झुकलो, पुन्हा मागे झुकलो, आणि त्या गुडघ्यावर येऊन पडल्या. तिथून आम्ही रांगत काठावर आलो.

बराच वेळ दोघंही दगडांवर पडून होतो. डॉक्टरांची काठी गेली होती. बाईंचे दात वाजत होते.

"माझ्या भावाने तुमचंच ऐकलं," शेवटी त्या म्हणाल्या. "शहाण्या मुलासारखं तुमचंच ऐकलं."

मी बोलायला गेलो तर घशातून नुसती हवा आली. ओरडण्याने बसला असेल, असं वाटलं.

अकरा महिने झाले. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणतात. पण आवाज आला तो हा असा, फाटक्या पिशवीतून धान्य सांडावं तसा. माझी नात फोनवर मला ओळखत नाही. काम सोडलं. आवाज नसलेला वाटाड्या कुणाला हवा.

परवा बायको म्हणाली, बाईंचा फोन आला होता. तुमचे आभार मानत होत्या. तुम्ही रोज संध्याकाळी फोन करून चौकशी करता, त्याने एकटीला धीर येतो म्हणाल्या. घसाही सुधारला म्हणे तुमचा.

मी एकदाही फोन केलेला नाही.

लगेच केला. त्यांनी उचलला. मी म्हणालो, ताई, मी नदीवरचा मामा. माझ्या नावाने कुणाचा फोन आला तरी ऐकू नका, नदीवर येऊ नका.

"कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्या घाबरल्या असाव्यात. "मामांचा आवाज मी ओळखते," म्हणाल्या. "पुन्हा फोन करू नका."

त्या फोन ठेवत होत्या, तेवढ्यात त्यांच्या मागून, त्याच खोलीतून, कुणीतरी सावकाश विचारलं, "कोण होतं, ताई?"

आवाज चांगला मोकळा होता. शब्दाच्या शेवटी थोडा खाली उतरणारा.