हात सोडवायचा क्लास

भगवंतनं पहिल्याच भेटीत माझा हात धरला. नावसुद्धा न विचारता...

त्याला तसं सांगितलं होतं म्हणा. अकोल्याच्या एका बंद जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, दारात मी कराटे क्लासच्या चौकशीला उभी होते. शिकवणारे गुलाम नबी सर आतूनच म्हणाले, "ये पोरी. भगवंत, धर हिचा हात. आता ओरड, अन् अंगठ्याच्या बाजूनं हिसका दे."

मी म्हटलं, "अहो, सोडा ना."

सगळा क्लास हसला.

ते साल दोन हजार सहा. कापूस इतका कमी की जिनिंग होळीआधीच बंद पडली, म्हणून शेड सरांना क्लाससाठी मिळाली. मी तेल्हाऱ्याहून रोज एसटीनं यायची, माती तपासायच्या लॅबमध्ये. स्टँडवर एक माणूस मागे लागला होता. आधी ओढणी, मग हात. बाबांना सांगितलं असतं तर त्याचा स्टँड सुटला नसता, माझी नोकरी सुटली असती. म्हणून क्लास शोधला. पहिला पाहिला तो भिंतभर आरसे लावलेला, चकचकीत. तीन महिन्यांत पट्टा, वर सर्टिफिकेट. विचारलं, "कोणी हात धरला तर?" म्हणाले, "ते तिसऱ्या वर्षी." तोवर त्या माणसाला काय थांब म्हणू?

सरांकडे जुनं कराटे. दोर गुंडाळलेला खांब, त्यावर ठोसे. आणि एक नियम: समोरची पोटातून ओरडल्याशिवाय धरणाऱ्यानं सोडायचं नाही.

मला ओरडताच येईना. जन्मभर 'हळू बोल' ऐकलेलं. भगवंत मनगट धरून कबुतरं बघत उभा राहायचा. स्टँडसमोर त्याचं जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, वायंडिंगचं दुकान, हाताला वार्निशचा वास.

"ओरडा ना बाप्पा... माझा हात दुखून राह्यला."

"गुंड असा धरते का? बांगड्या भरून राह्यले का तुमी?"

त्याचे कान लाल झाले. पकड तेवढीच राहिली. घरी कळलं तर नोकरी बंद होईल, हे त्याला एकट्याला सांगितलं होतं मी. का, ते तेव्हा कळलं नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी स्टँडवर त्या माणसानं हात धरला. आणि आला आवाज... "सोड!" रसवंतीचा चरक थांबला. मी अंगठ्याच्या बाजूनं हिसका दिला, तळहात त्याच्या नाकावर ठेवून दिला. सर म्हणायचे, हात सुटला की पळ. पण पळाला तोच.

तेल्हाऱ्याच्या गाडीतून आमच्या गावचे वामनराव कंडक्टर ओरडले, "शाब्बास! सांगतो तुह्या बापाले, पोरीची चिंता सोड म्हणा!"

तेवढ्यात भगवंत दिसला. दुकानाच्या पायरीवर नुसता उभा. माझं डोकंच फिरलं. रस्ता ओलांडून गेले.

"दिसलं नाही तुमाले?"

"दिसलं."

"मंग धावले काहून नाही?"

"धावलो ना... दोन पावलं. मंग तुमी ओरडल्या. मी मधात पडलो असतो, तं वामनरावानं घरी काय सांगतलं असतं? पोरानं वाचवली. उद्या तुमची नोकरी बंद." तो खाली बघायला लागला. "लय जड गेलं थांबणं."

त्याची मूठ अजून आवळलेली होती. मी उघडली. तांब्याची तार तळव्यात रुतलेली. हा माणूस मला आवडतो, हे तेव्हा कळलं. उगाच लांबण लावत नाही.

तार काढली, ओढणीनं रक्त पुसलं. हात हातातच होता.

"झालं पाहून?" तो म्हणाला.

"झालं."

"मंग सोडा..."

"ओरडा," मी म्हटलं. "नियम हाय सरांचा."

वामनरावांनी दोनदा घंटी मारली. तेल्हारा गाडी निघून गेली. पुढची साडेसातला होती.

भगवंत काही ओरडला नाही.