विटेला चिकटलेली कुरडई

"स्टेअरिंग वाकडं! लई वाकडं!" लेण्याद्रीच्या रस्त्याने चक्कर मारून आलेला भरतकाका गाडीतून उतरताच गरजला. "अरिहंत, मी चाकांचं माप घेत व्हतो तेव्हा तू आत बसला व्हतास ना? तूच फिरवलंस!"

"नाही हो काका! तुम्ही ते उपरण्याने बांधून ठेवलं होतं. मी नुसतं तोंडाने घुर्रर्र करत होतो!"

"मला शिकवू नगंस! उद्या शर्यतीला तू येणार न्हाईस. जा घरी!"

अरिहंत म्हणजे जुन्नरच्या पोपटलालशेठचा मुलगा आणि काकाच्या पुतणीचा, आरतीचा, जिवाभावाचा दोस्त. सुट्टी लागल्यापासून काकाच्या लाल छोट्या गाडीशिवाय त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आता तो मान खाली घालून फाटकाकडे निघाला.

आरतीने त्याला गोठ्यामागे ओढलं. तिचा धाकटा भाऊ अमृतही मागोमाग आला.

"उपरण्याची गाठ कुणी सोडली?"

"काकांनीच. सगळं झाल्यावर."

"मग स्टेअरिंग हललंच नाही! घोळ दुसरीकडेच आहे. चला, शोधू या!"

अंगणात सकाळच्या दोऱ्या अजून ताणलेल्या होत्या आणि गाडी पुन्हा त्यांच्या मधोमध उभी होती. गाडीच्या दोन्ही बाजूंना विटांच्या चवडी रचून, वरच्या विटेखाली दोरी दाबून काकाने सरळ रेघा आखल्या होत्या. त्या दोरीपासून चाकाची पुढची आणि मागची कड मोजायची. शर्यतीसाठी पुढच्या चाकांची तोंडं नखभर बाहेर वळवून ठेवली, की गाडी वळणात चटकन शिरते म्हणे! दोऱ्या लावून काका जेवायला गेला होता, आणि ढेकर देत परत येऊन थेट मापाला लागला होता.

"ताई, या विटेला कुरडई चिकटलीय!" अमृत ओरडला.

अरिहंत खो खो हसला. आरतीही हसली, आणि एकदम थांबली.

दुपारी काका जेवत असताना वारा सुटला होता. साळूआत्याच्या कुरडया घातलेली साडी फडफडत होती आणि राखणीला आरती होती. तिने दोरीच्या चवडीवरची हाताला आली ती वीट उचलून साडीवर ठेवली होती. वारा पडल्यावर ती जागेवर नेऊन दोरी पुन्हा दाबली होती. अंदाजानेच! आणि बोलणी बसली बिचाऱ्या अरिहंतला.

कुरडई नखाने खरवडली असती तर निघून गेली असती. कुणाला पत्ताही लागला नसता. तसा विचार मनात आला, याचीच तिला भयंकर लाज वाटली.

"स्टेअरिंग काढून सरळ बसवतो, झालं काम!" पलीकडून काका म्हणाला.

"बाप रे! मग चाक तसंच तिरकं राहील," अरिहंत कुजबुजला. "उद्या जोरात ब्रेक मारला तर गाडी एका बाजूला खेचली जाईल!"

"अमृत, पाना पळव!" आरती हळूच म्हणाली.

अमृतने काकाच्या पुढ्यातला पाना उचलला आणि ठोकली धूम!

"आरं थांब! चोरा!" काका मागे पळाला. विहिरीला दोन वेढे झाले. तोवर इकडे आरती आणि अरिहंतने टेप लावली. उजवीकडे गाडीपासून दोरी जेवढी लांब, त्याहून डावीकडे चांगली बोटभर जास्त! आणि तीसुद्धा फक्त पुढच्या टोकाला, कुरडईच्या विटेपाशी.

काका धापा टाकत परत आला. आरतीने वीट त्याच्यापुढे धरली.

"काका, ही मी हलवली. कुरडयांसाठी. अरिहंतने काहीच केलं नाही. मला ओरडा, पण त्याला न्या. आणि स्टेअरिंग नका काढू!"

काकाने स्वतः टेप लावली. एकदा, मग पुन्हा. मग तो मटकन विटांवर बसला.

"दोरी पुन्हा तपासायची सोडून मी पोरावर डाफरलो. आन् शेठच्या घरी काय तोंड दाखवू?"

"आधी मला दाखवा, चालेल," अरिहंत म्हणाला आणि सगळे हसले.

"चुकलं माझं, लेका. उद्या तू येणार. आरती, कबूल करायला छाती लागते. शाब्बास! पन आता दोरी अरिहंत लावंल. आन् तू त्या विटेवर बसायचं, समजलं?"

आरती बसली. माप सुरू झालं. तेवढ्यात वाळवणावर कावळे उतरले.

"आरते, कावळे! ऊठ की गं!" आत्या ओसरीवरून किंचाळली.

आरतीने डोळे गच्च मिटले, विटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ती जागची हलली नाही.