बुडबुड्यातून आला

वारा फिरला तेव्हा प्राची बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढत होती. मुरुडच्या कोळीवाड्यातली भरदुपार, पण उजेड एकदम संध्याकाळचा वाटायला लागला. टोपली कडेवर घेऊन ती घरात आली. सकाळपासून मनाला लागलेली गोष्ट आता नुसती टोचायला लागली.

पहाटे बोटीवर निघताना दीपेश दारात म्हणाला होता, "येतो." त्यावर घरातून कुणीतरी "ये" म्हणायचं, ही या घराची रीत. सासू वेणूबाई तर इतकी कडक, की बोट दर्यात असताना 'गेला', 'बुडाला' हे शब्द घरात काढायचे नाहीत. वीज गेली तरी "लाइट यायची हाय" म्हणायचं! प्राचीला याचं हसू यायचं. पण आज ती रुसलेली होती, आणि रागाच्या भरात तिच्या तोंडून निघालं, "जा एकदाचा!"

आता दर्या खवळला होता. बाकीच्या बोटी परतल्या, दीपेशची तेवढी नाही. तिच्यावर चौघं होते: दीपेश, धर्मा, सदा आणि प्रणय. वेणूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचा नवरा शिवदास कित्येक वर्षांपूर्वी दर्यावर निघाला, तो परतलाच नव्हता. तिने मात्र कपाळावरचं कुंकू कधी पुसलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "यायचा हाय."

कोपऱ्यात प्राचीची छोटी पोर अमिषा गेम खेळत होती. उरणच्या मामाने दिलेला, तळहाताएवढा. खेळही बालवाडीतल्या पोरांचा. एक करडू ढगावरून ढगावर उड्या मारतं, चांदण्या गोळा करतं. मरणबिरण काही नाही. पाण्यात पडलं की खालून मोठा बुडबुडा येतो, करडाला पोटात घेतो आणि अलगद काठावर आणून ठेवतो. आजीच्या धाकाने अमिषा तेव्हाही "बुडालं" म्हणत नसे. "आलं!" म्हणून टाळी वाजवायची.

"आला," अमिषा म्हणाली.

"आलं म्हण गो. करडू आलं," प्राची सवयीने बोलून गेली.

"करडू न्हाय."

प्राचीने वाकून पाहिलं. ढग नव्हते, चांदण्या नव्हत्या. पडदाभर काळंनिळं पाणी होतं, आणि ते बाहेरच्या दर्याच्याच लयीत हलत होतं. करडू काठावरून आपणहून उडी टाकत होतं, खोल खोल जात दिसेनासं होत होतं... मग बुडबुडा वर येई, आणि त्याच्या पोटात करडाबरोबर काहीतरी काळसर असे. माणसाएवढं. घरभर ओला, खारा वास पसरला. तेव्हा कुठे प्राचीच्या ध्यानात आलं, की गेमचं चार्जिंग कालच संपलं होतं आणि वीज तर तेव्हापासूनच नव्हती.

"आला," अमिषा पुन्हा म्हणाली. "आला..."

प्राची घाबरली, भयंकर घाबरली. तरी तिचे हात आपोआप जोडले गेले.

चौथ्या खेपेला अमिषा खुदकन हसली. "पप्पा आला!"

प्राचीला रडू आवरेना. करडू दमलं होतं, पण ते पुन्हा काठाशी गेलं.

"बस गो बाय... चौघंच होते," प्राची कुजबुजली.

करडाने उडी टाकली. या वेळी बुडबुडा यायला फार वेळ लागला.

"आला..." अमिषा हळूच म्हणाली, आणि पडदा विझला.

तिन्हीसांजेला चौघंही किनाऱ्याने चालत घरी आले. बोट फुटली होती. दीपेश पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. "पाण्यातून गोल उजेड वर आला गो... पायाखाली कुणी हात दिल्यासारखा. एकेकाला उचललं आन् वाळूवर ठेवलं." प्राची सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात पडली आणि तिला जराही लाज वाटली नाही.

वेणूबाई तेवढी पोराकडे न बघता नातीजवळ गेली. "पाचवा कुठं हाय गो?"

"दारात. येऊ का विचारतोय."

वेणूबाईने पदर सावरला, केसांवरून हात फिरवला. उघड्या, रिकाम्या दाराकडे बघत ती म्हणाली, "ये."

उंबऱ्यावर एक ओलं पाऊल उमटलं. मग आतल्या लादीवर दुसरं.

पुढे दीपेशला दुसऱ्या बोटीवर काम मिळालं. पहिल्या दिवशी दारात चप्पल घालताना तो म्हणाला, "येतो."

"ये," प्राची घाईघाईने म्हणाली.

"ये..." तिच्या पाठीमागून, स्वयंपाकघरातून, कुणीतरी घोगऱ्या पुरुषी आवाजात म्हणालं.

प्राचीने वळून पाहिलं. आत वेणूबाई एकटीच बसून चहा गाळत होती. दोन कपांत.