कोपऱ्यातल्या ड्रायरची ऊब

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं अक्षरही मी रचलेलं नाही. हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

भुताचं म्हटलं की लोक आधी रात्र विचारतात. हे भर दुपारचं आहे. सुट्टीच्या दिवसाचं.

आमची लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुऊन, वाळवून द्यायचे. भिंतीला ओळीने मोठाले ड्रायर. सुट्टीच्या दिवशी मेन स्विच बंद करून आमचे हे त्यांची देखभाल करतात. जाळीत अडकलेली कपड्यांची लव काढायची, मागच्या पाइपात ब्रश फिरवायचा, पट्टा ताणून बघायचा. शेवटी ड्रम हाताने फिरवून, पत्र्याला कान लावून बेअरिंगची कुरकुर ऐकायची.

बाकीच्या ड्रायरना कान लावला की हे लगेच उठायचे.

पण कोपऱ्यातल्या जुन्या ड्रायरपाशी...

तिथे यांचा गाल पत्र्याला टेकला की निघायचाच नाही. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर अशी माया, की लग्नाची बायको असून मला ती कधी दिसली नव्हती.

"काय वहिनी, नवऱ्यावर पहारा?" उरलेल्या घड्या घालायला आलेली इस्त्रीवाली मावशी हसली. "थोरल्या वहिनी अशाच तिथे गाल लावून बसायच्या. बेअरिंग बिघडायच्या आधी त्यांना कळायचं!"

थोरली म्हणजे यांची पहिली बायको. मी यायच्या आधीच तापाने गेलेली.

जिवंत सवत असती तर झिंज्या धरून भांडले असते. गेलेलीशी भांडायचं कुठे?

"अहो, आजपासून या ड्रायरचं काम माझं."

"तुला जमेल?"

"तिला जमलं ना!"

हे उठले. ब्रश माझ्या हातात देऊन ग्रीस आणायला बाहेर पडले. मावशीही घरी गेली.

मी एकटी.

जाळी झाडली. पाइप घासला. मग पत्र्यावरून हात फिरवला. सगळा गार... गार... गार...

आणि एका जागी ऊब.

गालाएवढीच.

मी मेन स्विच पाहिला. बंद होता.

ड्रम हाताने ढकलला. आतून गुणगुण आली. बाईमाणसाने कामाच्या नादात स्वतःशीच गुणगुणावं, तशी. भीतीने हात काढला. ड्रम थांबला...

गुणगुण थांबली नाही.

मला पळायला हवं होतं. पण भीतीपेक्षा जळफळाट मोठा होता.

"किती दिवस धरून ठेवशील त्यांना?" मी पत्र्याजवळ तोंड नेऊन म्हटलं. "तुझं झालं ना जगून? आता ती माया मला दे!"

एकदम शांत.

मी डावा गाल त्या उबेवर टेकला. आत काहीच ऐकू येईना. पण रिकामी शांतता वेगळी असते. ही श्वास धरून बसलेल्या माणसाची होती. पत्र्याच्या पलीकडून कोणीतरी माझ्या गालाला गाल लावून... ऐकत होतं.

मग पत्रा हळूहळू गार होत गेला.

हे परतले. सवयीने गाल टेकला आणि चटका बसावा तसे मागे सरले.

"गार पडला..."

माझ्याकडे बघत राहिले. जवळ आले. बोटं माझ्या डाव्या गालावर ठेवली.

"चिमणे?"

मला हे 'अगं' म्हणतात. चिमणे कधीच नाही.

"ओ," माझ्या तोंडून गेलं.

ती ओ मी दिली नव्हती.

आता हे त्या ड्रायरपाशी रेंगाळत नाहीत. काम आटोपून लवकर घरी येतात. माझ्या गालाला गाल लावल्याशिवाय यांना झोप येत नाही. "नवऱ्याला चांगला पदराला बांधलास की गं!" जाऊबाई चिडवतात.

मी हसते.

डॉक्टर म्हणतात, ताप नाही. पण डावा गाल सतत गरम असतो. हे त्याच्याशी हळूच काहीबाही बोलतात, आणि मी इथेच पडलेली असून मला जळायला होतं.

उजवा गाल गारच आहे. तो माझा.

त्याला हे कधी हात लावत नाहीत.