घरी काय म्हणतात?

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ती माझ्या थोरल्या वहिनीच्या बाबतीत घडली. वहिनीला विनोद कळत नाही, कल्पना सुचत नाहीत आणि खोटं बोलली की उचकी लागते. ही हकिकत तिने मला तीनदा सांगितली.

उचकी एकदाही लागली नाही.

वेळ मंगळवारी दुपारी अडीचची. ही भुतांची वेळ नव्हे, मान्य. पण त्यांना विचारतो कोण?

वहिनी नर्स. ऑपरेशन झालेल्या पेशंटला भुलीतून शुद्धीवर आणायचं, हे तिचं काम. खोलीत दोन कॉट. एक दाराजवळ, एक खिडकीजवळ.

तिची एक पद्धत होती. भुलीत माणसाचं कागदावरचं नाव सगळ्यात आधी झोपतं आणि सगळ्यात शेवटी उठतं, असं तिचं ठाम मत. म्हणून ती नातेवाइकांना आधीच विचारून ठेवायची, "घरी काय म्हणतात?" ते नाव चिकटपट्टीवर लिहून कॉटच्या दांडीला लावायची. मग कानाशी वाकून तीन हाका. मोठमोठे प्राचार्य 'ढब्बू' म्हटल्याबरोबर डोळे उघडायचे. एक न्यायाधीश बाई 'चिंगी'ला ओ द्यायच्या.

त्या मंगळवारी दोन पेशंट होते. दाराजवळची कॉट एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची. हर्नियाचं ऑपरेशन, घरचं नाव गुंडू. खिडकीजवळची बेकरीवाल्याची. झुपकेदार मिशा, पण आईच्या लेखी बबड्या.

वहिनी डबा खाऊन आली तेव्हा खिडकीजवळच्या कॉटवर पेशंट होता. तोंडावर मास्क, डोक्याला हिरवी टोपी. त्या अवतारात सगळी माणसं सारखीच दिसतात. वहिनीने पट्टी वाचली.

"बबड्या..."

काही नाही.

"अरे बबड्या..."

काही नाही.

तिसऱ्या हाकेला... त्याने डोळे उघडले. एकदम. कण्हणं नाही, पापण्या जड नाहीत.

"आलो," तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी हंबरडा फोडला.

बेकरीवाला टेबलावरच गेला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी.

आणि दाराजवळच्या कॉटची गादी ओली, म्हणून वॉर्डबॉयने घड्याळवाल्याला खिडकीजवळ ठेवलं होतं.

वहिनीने नाडी पाहिली. ठीक होती. मग हळूच म्हणाली, "गुंडू?"

त्याने मान वळवून... शेजारच्या रिकाम्या कॉटकडे पाहिलं.

पंधरा दिवसांनी घड्याळवाल्याची बायको आली.

"सिस्टर, हे बरे आहेत."

"मग छान झालं की."

"छान कसलं डोंबलाचं! पाणी विचारून पितात."

"म्हणजे?"

"'थोडं पाणी मिळेल का?' म्हणतात. वर 'आभारी आहे'! सव्वीस वर्षांत या माणसाने मला विचारून काही केलेलं नाही. घड्याळ उघडतात आणि नुसते बघत बसतात. आणि झोपेत..." ती थांबली. "झोपेत पांघरूण मळतात. पीठ मळावं तसं." मग एकदम म्हणाली, "तुम्ही उठवलंत ना? मग माझा माणूस मला परत द्या."

सहा महिन्यांनी त्याच्या दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन निघालं. या वेळी वहिनीने पट्टी स्वतः लावली आणि दोघांकडून वाचून घेतली.

"गुंडू... अरे गुंडू... गुंडू!"

तो कण्हला. शिवी हासडली. मग म्हणाला, "किती वाजले?"

बायको हसत हसत रडली.

ती बाहेर गेल्यावर त्याने वहिनीला जवळ बोलावलं.

"मला सगळं ऐकू यायचं, सिस्टर. रोज. तुम्ही एकेकाला हाक मारायचात, तो उठून जायचा. माझं नाव तीनदा कोणी घेतलंच नाही."

"होतात कुठे तुम्ही?"

"इथेच."

"आणि आता... तिथे कोण आहे?"

"एक मिशावाला. भला माणूस. म्हणाला, बसतो मी, कोणीतरी बोलावेलच."

वहिनीला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. सुई दिलेल्या दाढेसारखं. दाढ आहे, पण लागत नाही. तिने हात धुतले आणि पुढची पट्टी लिहायला घेतली.

पंधरवड्याने बेकरीवाल्याची बायको आली.

"सिस्टर, एक गृहस्थ रोज दुपारी दुकानात यायचे. घ्यायचे काही नाहीत. पिठाच्या पोत्यावर हात ठेवायचे आणि जायचे. हल्ली येईनासे झाले. त्यांच्या घरी चौकशी केली, तेव्हा सगळं कळलं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमच्या यांना एकदा हाक मारा ना."

"आणि उठणार कोणाच्या अंगात, बाई?"

तिने बोटाचा पदर सोडवला.

"बबड्या हे नाव मी पुन्हा तोंडातून काढणार नाही," वहिनीने सांगून टाकलं.

"ते सासूबाईंचं हो. मी कधी घेतलंच नाही. मी आपली 'अहो' म्हणायची," ती म्हणाली आणि गेली.

वहिनीने शब्द पाळला.

पुढच्याच महिन्यात दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. त्याला खिडकीजवळची कॉट मिळाली. पट्टी नव्हती. स्वतःच्या नवऱ्याला कोण चिठ्ठी लावतं? आमची आई त्याला 'पिल्लू' म्हणायची. ते वहिनीच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. तीस वर्षांची सवय.

ती कानाशी वाकली.

"अहो..."

काही नाही.

"अहो, ऐकलंत का?"

काही नाही.

तिसरी हाक अर्धी बाहेर पडली... आणि तिला बेकरीवाली आठवली.

दादाने डोळे उघडले. एकदम.

"आलो."

याला आता दोन वर्षं झाली. दादाची तब्येत ठणठणीत आहे. यापुढे कुठल्याही ऑपरेशनची गरज नाही, असं डॉक्टर अभिमानाने सांगतात. ते ऐकताना वहिनी मान हलवते.

ती अजून त्याच खोलीत काम करते. शेवटचा पेशंट गेला की दार लावून घेते आणि अर्धा तास खिडकीजवळच्या रिकाम्या कॉटपाशी बसते. हाक मारत नाही. ओ द्यायला अंग लागतं. ती नुसतं सांगत राहते. आज नळाला पाणी नव्हतं. धाकट्या नातवाचे केस कापून आणले. तुमचा चष्मा कपाटात ठेवलाय.

पुढच्या महिन्यात ती निवृत्त होणार आहे.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी अजून यायची होती. दादा टेबलाशी बसला होता, टेबलक्लॉथ बोटांनी दाबत, दुमडत, दाबत... मला पाहून तो अदबीने उठला.

"बसा ना," तो म्हणाला. "त्यांना रोज उशीर का होतो हो? तुम्हाला काही बोलल्या का?"

दादा मला जन्मापासून 'गाढवा' म्हणत आला आहे.

मी म्हणालो, मला काही माहीत नाही.

मला उचकी लागली. त्याने उठून पाणी आणून दिलं.