दोन ठोके

होडी रंगवून झाली होती, शीड शिवून झालं होतं, बॅटऱ्या भरल्या होत्या. घोडं अडलं होतं ते मोटरीपाशी. मोटर फिरते भन्नाट आणि पाण्यातल्या पंख्याला लागतो संथ वेग. मधे वेग उतरवणारं काहीतरी हवं. निवृत्त फिटरने वर्म गिअर मागवला, साखळी आणली, दातेरी पट्टा आणला आणि सगळं टेबलावर मांडून नुसता बघत बसला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," शेजारचा टर्नर म्हणाला. "गिअर बसव नि मोकळा हो. पट्ट्याची एक खोड असते. बाहेरून कुणी पंखा फिरवला, तर आतली पुलीही फिरते."

"तळ्यात कोण येतंय फिरवायला?" फिटर हसत म्हणाला.

फिटरचा एकुलता लेक त्याच तळ्यात गेला होता. चालत्या होडीतून तो मागच्या मागे पडला. त्याने हाक मारली असणारच. जुन्या इंजिनाच्या धडधडीत ती बापाला ऐकू आली नाही. तो सापडलाही नाही.

त्या जागी एकदा जाऊन यायचं, मग होडी विकायची, असं बायकोने ठरवलं होतं. तिची अट एकच होती. "आवाज नको हो. तेवढं करा, मी येते."

साखळी खडखडली. गिअर बारीक कण्हत राहिला. पट्टा मात्र गुपचूप फिरला, आणि फिटरने तोच बसवला.

पूर्वी होडी निघण्याआधी लेक पाण्यात उतरून पंखा हाताने फिरवून तपासायचा. अर्धा वेढा पुढे, थोडा मागे. मग तळाला दोन ठोके द्यायचा: हात काढलाय, करा चालू. ते ठोके ऐकल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, हा घरचा नियम होता.

दुपार कलल्यावर दोघं निघाली. वारा पडला होता, शीड लोंबत होतं. त्या जागी येताच फिटरने मोटर बंद केली. होडी हळूहळू थांबली. बायको पाण्याकडे बघत रडली, अगदी हलक्या आवाजात.

पाण्यावर साधा तरंगही नव्हता.

पुली हलली. अर्धा वेढा पुढे. थोडी मागे.

फिटरने पट्ट्यावर बोट ठेवलं. बोटाखालून तो पुन्हा सरकला. अर्धा वेढा पुढे, थोडा मागे. प्रवाह पंख्याला असा फिरवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने मागे वाकून पाहिलं. पाणी गढूळ, हिरवं. दुसरं काही नाही.

घाबरून त्याचा हात मोटरीच्या बटणाकडे गेला. बायकोने मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "त्याने अजून ठोकलं नाहीये."

त्याने हात मागे घेतला. दोघं कान देऊन बसली. ऊन उतरलं, काठावरचे दिवे लागले. पट्टा अधूनमधून सरकत होता. ठोके काही येत नव्हते.