पाठीवरचे निळे टाके

ही गोष्ट २०२३ सालच्या ऑक्टोबरातली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या लोकांनी एका जुन्या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा गोदीत ढकलून दिला त्याला तीन वर्षं होऊन गेली होती, पण पबमध्ये अजून त्यावरून आवाज चढत होते.

हदासा रोहेकर चहात आलं किसत होत्या, तेव्हा फोन वाजला.

"मावशी, जाकीट गेलं!" पलीकडून ऋजुताचा आवाज. "काचेची केस रिकामी आहे. कुलूप जसंच्या तसं. आणि सगळे माझ्याकडे बघतायत."

"रडू नकोस. मी येईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. बस पकडते."

चहा तसाच राहिला.

हदासाबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. जन्म नागावचा, बालपण भायखळ्याचं. वडील एका मिलच्या रंगखात्यात होते, त्यामुळे मांजरपाट कुठला आणि लाँगक्लॉथ कुठला हे त्यांना मुळाक्षरांच्या आधी कळलं. लग्न करून ब्रिस्टलला आल्या आणि इथल्या शाळेत आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली. निवृत्त झाल्यावर गोदीजवळच्या एका लहानशा संग्रहालयात आठवड्यातून दोनदा जात. तिथे मुलांसाठी एक टेबल होतं. हात लावा, अंगात घालून बघा, असं सांगायचं काम त्यांचं.

ऋजुता त्याच संग्रहालयात क्युरेटर. पुण्याची, चौतिशीची, वर्क व्हिसावर आलेली. नोकरी गेली की दोन महिन्यांत देश सोडायचा, आणि चोरीचा डाग लागला की पुन्हा कुठल्याच संग्रहालयाचं दार उघडणार नाही. बसमध्ये हदासाबाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं.

प्रदर्शनाचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. विषय ऋजुताने निवडलेला: अमेरिकेत कॅरोलायनातल्या भाताच्या मळ्यांवर गुलाम माणसांना खायला आणि ल्यायला काय मिळत होतं. आठवड्याचा मका मापून दिलेला. खारवलेले हेरिंग मासे. लाकडासारखे कडक बूट. आणि कापड. वेल्समध्ये विणलेलं, न रंगवलेलं, जाडंभरडं लोकरी कापड, इकडच्या व्यापाऱ्यांनी जहाजात भरून पाठवलेलं. वर्षातून एकदा, थंडीच्या तोंडावर, माणशी तुकडा फाडून मिळे. शिवायचं ज्याचं त्याने, दिवसभर चिखलात राबून झाल्यावर. मालक लोक याला 'आम्ही त्यांना कपडे देतो' असं म्हणत.

असे कपडे फारसे उरलेले नाहीत. अंगावरच झिजून संपले. पण मिस्टर हॅलिवेल यांच्या माळ्यावर एक बाईचं जाकीट निघालं. त्यांचा खापरपणजा तशा मळ्याचा मालक. हॅलिवेलनी जाकीट संग्रहालयाला देऊन टाकलं, प्रदर्शनाचा बराचसा खर्चही उचलला. "आमच्या घराण्याने माणसांना उबदार ठेवलं," असं ते अभिमानाने सांगत.

ऋजुताने घडी उलगडली आणि पाठ पाहिली.

खांद्यापासून कमरेपर्यंत तिरके फाटे. चाबकाचे. प्रत्येक फाटा कुणीतरी शिवला होता, आणि पांढुरक्या कापडावर निळ्या दोऱ्याने. बाकीच्या सगळ्या शिवणी पांढऱ्या दोऱ्याच्या. म्हणजे पांढरा दोरा हाताशी होता. त्या बाईला फाटे लपवायचे नव्हते.

ऋजुताने जाकीट काचेच्या केसमध्ये उभं केलं ते दाराकडे पाठ करून. हॅलिवेलनी पाहिलं आणि दोनदा म्हणाले, "समोरून जास्त छान दिसलं असतं, नाही?"

मुलांच्या टेबलासाठी या जाकिटाची हुबेहूब नक्कल केली होती. ती शिवली मीकाने. मीका हदासाबाईंचा भाचा, लंडनजवळच्या एजवेअरला राहून नाटकांचे कपडे शिवतो. त्याने पाठीवरचे निळे टाकेसुद्धा तसेच घातले, चहाच्या पाण्यात बुडवून कापड जुनं केलं. अडून बसला तो एकाच गोष्टीवर.

"आत्या, मूळ शिवण लिननची आहे. मी नाही घालणार लिनन."

"का रे?"

"मुलं अंगात घालणार ना ते? त्यात आपली ज्यू मुलंही असतील. लोकर आणि लिनन एकत्र अंगावर घालायचं नाही, आपल्या तोरा ग्रंथात लिहिलंय. कॉटन वापरतो, बघणाऱ्याला कळणारही नाही."

ऋजुता त्यावर हसून म्हणाली होती, "चालेल, आपल्या तिघांशिवाय कुणाला कळतंय!"

हदासाबाई पोचल्या तोवर जाकीट सापडलं होतं.

स्टाफरूममध्ये ऋजुता खुर्चीत अंग चोरून बसली होती. तिच्या शेजारी यतीन. हा मूळ नागपूरचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, संग्रहालयाच्या बोर्डावरचा खजिनदार. समोर डायरेक्टर ऑलिव्हर येरझाऱ्या घालत होता. हिशेब आणि इमारतीची डागडुजी यात तो हुशार. कापडातलं त्याला काही कळत नसे.

"तिच्या लॉकरमध्ये होतं," तो इंग्रजीत म्हणाला. "पिशवीत गुंडाळून. मी स्वतः नेऊन केसमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. आता दर्शनी बाजू पुढे आहे. वातावरण शांत राहील."

"ऋजुताने हातात घेऊन तपासलं?"

"तिला सस्पेंड केलंय. गॅलरीत पाऊल टाकता येणार नाही."

"काल संध्याकाळी इथे कोण होतं?"

"मी, ऋजुता, यतीन आणि मिस्टर हॅलिवेल. त्यांना एकदा नजर टाकायची होती."

"केसच्या किल्ल्या?"

"एक ऋजुताकडे. एक माझ्या ड्रॉवरमध्ये."

"ड्रॉवरला कुलूप आहे?"

ऑलिव्हरने घसा खाकरला. "नाही."

"लॉकरना?"

"लोक किल्ल्या हरवतात, म्हणून..."

"म्हणजे नाही. आणि बाहेर पडताना बॅगा?"

"त्या गार्ड तपासतो. प्रत्येकाच्या. कालही तपासल्या."

हदासाबाईंनी मान हलवली. ऑलिव्हर फोन घ्यायला बाहेर गेला, तसा यतीन मराठीत सुरू झाला.

"ऋजुता, ऐक माझं. पोलिसांपर्यंत जायला नको. आज राजीनामा दे. रेफरन्स चांगला देतील, मी बघतो. व्हिसासाठी ओळखीचा वकील आहे."

"म्हणजे चोरी केली म्हणून कबूल करू?"

"कबूल कर कोण म्हणतंय? गुपचूप निघून जा. आपण पाहुणे आहोत गं इथे. लोकांच्या घरात येऊन त्यांच्या आजोबांच्या जखमा कशाला उकरायच्या?"

"जखमा आजोबांना नव्हत्या झाल्या, यतीन," हदासाबाई म्हणाल्या. "आणि पाहुणा तू असशील. पाहुण्याकडून कुणी घरपट्टी घेत नाही."

यतीन हसला. "मावशी, तुमचं बरंय. रिटायर्ड माणसाचं बोलायला काय जातं! बरं, ते मुलांचं जाकीट उद्या टेबलावर मांडू नका. दोन-दोन पाहून लोकांना नाटक वाटेल. मीच नेतो घरी. माझ्या सियाच्या शाळेत असेंब्लीला वेशभूषा आहे, सैल झालं तरी तिला चालेल."

"लेकीला हवंय? ने की. दुपारी ने."

ऋजुता डोळे पुसत म्हणाली, "मावशी, मी राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर सगळ्यांसमोर काढा म्हणावं."

"हे बोललीस!" हदासाबाई उठल्या. "आता बस इथेच."

त्या आधी लॉकरपाशी गेल्या. ऋजुताच्या लॉकरच्या बिजागरीत बोटभर निळा दोरा अडकला होता. तो चिमट्याने काढून त्यांनी वर्कशॉपमधल्या मायक्रोस्कोपखाली धरला. शाळेच्या पोरांना दाखवत तसाच. तंतू पिळलेल्या रिबिनीसारखा दिसत होता, वळत वळत गेलेला. बांबूच्या पेरांसारख्या गाठी कुठेच नव्हत्या.

त्यांनी मीकाला फोन लावला.

"मीका, ते निळे टाकेसुद्धा कॉटनचेच ना रे?"

"आत्या, किती वेळा विचारशील? लिननचा एक धागा नाही त्यात."

मग त्या मुलांच्या टेबलाशी आल्या. टेबलाखालचा खोका उघडला. वरचं जाकीट उचललं, चष्मा काढून अगदी डोळ्यांजवळ धरलं आणि डोळे मिटून पाठीवरून तळवा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग खोका उचलून वर्कशॉपमध्ये नेला, आतून दार लावलं, आणि थोड्या वेळाने मोकळ्या हातांनी स्वयंपाकघराकडे गेल्या.

दुपारी मिस्टर हॅलिवेलही आले. पांढरेशुभ्र केस, ताठ पाठ, मऊ आवाज. स्टाफरूममध्ये सगळे जमले. शेजारच्या स्वयंपाकघरात वॉशिंग मशीन घरघरत होतं.

यतीनने घड्याळ पाहिलं. "मावशी, ते जाकीट देता ना? मला निघायचंय."

"अरे, हो! त्याच्या बाहीला चॉकलेट लागलेलं. म्हटलं, तुझ्या लेकीला असं कसं द्यायचं? मशीनमध्ये टाकलंय. साठ डिग्रीवर. वाळलं की ने."

यतीनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काय? अहो, काय करून राहिल्या तुम्ही!" नागपूर सोडल्यापासून दाबून ठेवलेली बोली एकदम बाहेर आली. तो धावत स्वयंपाकघरात गेला, मशीनची बटणं वेडीवाकडी दाबू लागला. "बंद करा! कसं उघडते हे? लोकर आहे ना ती, सत्यानाश होईल!"

हदासाबाई सावकाश त्याच्या मागे गेल्या. बाकीचे दारात गोळा झाले.

"मीकाने शिवलेलं जाकीट आहे, यतीन. आटलं तर दुसरं शिवेल. तू एवढा का घाबरलास?"

मशीन थांबलं. दार उघडलं. आत भांडी पुसायची फडकी होती.

मग हदासाबाई इंग्रजीत बोलू लागल्या, सगळ्यांना कळावं म्हणून, वर्गात बोलत तशा.

"ऑलिव्हर, तुम्ही केसमध्ये ठेवलंत ती नक्कल आहे. ऋजुताच्या लॉकरमध्ये जे होतं त्याचा धागा मी पाहिला. कॉटनचा तंतू पिळलेला दिसतो, लिननला बांबूसारखी पेरं असतात. मूळ जाकिटात सगळा दोरा लिननचा. नकलेतला सगळा दोरा कॉटनचा, कारण माझा भाचा धर्म पाळतो आणि लोकर-लिनन एकत्र शिवून मुलांना घालू देत नाही. हे माहीत होतं तिघांनाच: तो, मी आणि ऋजुता. चोराला माहीत नव्हतं."

"पण ऋजुताने..." ऑलिव्हर पुटपुटला.

"ऋजुताला खरं जाकीट पळवायचं असतं, तर तिने नक्कल केसमध्ये ठेवली असती. केस रिकामी सोडून नक्कल स्वतःच्या लॉकरमध्ये कोण कोंबेल? ज्याला ती चोर म्हणून पकडली जायला हवी होती, तोच. नुसती अदलाबदल केली असती तर सकाळी पहिल्या नजरेत ऋजुताने ओळखलं असतं. म्हणून आधी तिची नजर दूर करायची होती. ती सस्पेंड, नक्कल काचेआड, समोरची बाजू पुढे. कोण बघायला जातंय?"

"मग खरं कुठे होतं?" हॅलिवेलनी विचारलं.

"इमारतीतच. दारावर बॅगा तपासतात, काल बाहेर नेता येईना. म्हणून चोराने ते नकलेच्या जागी, माझ्या खोक्यात ठेवलं. मुलांचं जाकीट बाहेर न्यायला गार्ड कशाला हरकत घेईल? फक्त कुणीतरी ते मागायला हवं होतं. आज एकाच माणसाने मागितलं. ते मागण्यात गुन्हा नव्हता, मला लेक असती तर मीही मागितलं असतं. म्हणून मशीन लावलं. नक्कल धुतली म्हणून कुणी किंचाळत नाही."

यतीन ओट्याला टेकून उभा होता. "मी ते जाळणार नव्हतो," तो मराठीत म्हणाला. मग इंग्रजीत, हॅलिवेलकडे बघून, "मी ते तुम्हाला परत देणार होतो, सर. तुमच्या घरातली वस्तू तुमच्या घरात."

"मी असलं काही मागितलं नव्हतं," हॅलिवेल ताडकन म्हणाले.

"शब्दांत नाही मागितलंत," हदासाबाई म्हणाल्या. "दोनदा नुसतं 'समोरून जास्त छान दिसलं असतं' म्हणालात. पुढच्या वर्षी बोर्डाचा अध्यक्ष तुमच्या शब्दावर ठरणार, हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या घराण्याला शब्दांत मागायची सवय कधी लागलीच नाही."

हॅलिवेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ऋजुता पुढे आली. "यतीन, सकाळी माझ्या शेजारी बसून मला वकील देत होतास."

"तुझ्या भल्यासाठीच... तू लहान आहेस, तुला कळत नाही, इथे टिकायचं तर..."

"मला टिकायचंय. पण असं नाही."

हदासाबाईंनी वर्कशॉपची किल्ली तिच्या हातात ठेवली. जाकीट तिथल्या टेबलावर टिश्यूत गुंडाळलेलं होतं. ऋजुताने हातमोजे चढवले, एकेक शिवण भिंगाखाली घेतली आणि मान हलवली. हेच.

"केसमध्ये जरा तिरकं ठेवू या का?" ऑलिव्हर चाचरत म्हणाला. "म्हणजे दोन्ही बाजू थोड्या थोड्या..."

"पाठ," ऋजुता म्हणाली. "दाराकडे पाठ. नाहीतर उद्या मी भाषणात आजचा सगळा दिवस सांगेन."

पाठच राहिली.

यतीनने बोर्डाचा राजीनामा दिला. पोलिसांनी त्याचा जबाब घेतला, गुन्हा कबूल केल्यामुळे ताकीद देऊन सोडलं. नाताळाआधी तो कुटुंबासह बर्मिंगहॅमला गेला. सियाने मात्र पुढे शाळेच्या सहलीतून येऊन नकलेचं जाकीट अंगात घातलं आणि हदासाबाईंना इतके प्रश्न विचारले, की तिच्या बाईंना बस थांबवून धरावी लागली. ऑलिव्हरने पुढच्या वर्षी एका गोल्फ क्लबाचा कारभार घेतला. तिथे तो सुखात आहे. मिस्टर हॅलिवेल उद्घाटनाला आले, त्या पाठीसमोर उभे राहिले, वाइनला हात न लावता निघून गेले, आणि नंतर देणगीदारांच्या फलकावरून आपलं नाव काढायला सांगितलं. मीका एजवेअरहून येऊन प्रदर्शन पाहून गेला आणि म्हणाला, की त्या बाईचा टाका त्याच्यापेक्षा बारीक आहे.

ऋजुताला कायम राहण्याचा परवाना मिळाला. आता ती तिथली मुख्य क्युरेटर आहे. हदासाबाई अजून आठवड्यातून दोनदा टेबलाशी बसतात. गुडघे कुरकुर करतात, जीभ करत नाही.

जाकीट शिवणारीचं नाव कुणालाही सापडलं नाही. केसखालच्या पाटीवर ऋजुताने लिहिलं आहे: 'कापड मालकाने दिलं. फटके मालकाने दिले. निळा दोरा तिचा स्वतःचा.' ही पाटी बदला म्हणून हॅलिवेलांच्या एका पुतण्याने आत्तापर्यंत तीनदा मागणी केली आहे. ऋजुताने तिन्ही वेळा 'नाही' कळवलं, आणि मधल्या काळात पाटीवरची अक्षरं मोठी करून घेतली.